कंपनी काढायची फी, कंपनी सांभाळायची फी

‘अमुक इतक्या रुपयांत प्रायव्हेट लिमिटेड’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. त्यात खोटं फारसं नसतं. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल, तर नोंदणीचं सरकारी शुल्क २०१९ पासून शून्य आहे. नाव आधी वेगळं राखून ठेवायचं तर १,००० रुपये, शिवाय संचालकांच्या डिजिटल सह्या आणि मुद्रांक शुल्क. हे शुल्क प्रत्येक राज्यात निराळं, आणि महाराष्ट्रात ते भांडवलाबरोबर चढतं. उरते ती सीएची फी.

ही फी फॉर्म भरण्याची मजुरी समजून लोक घासाघीस करतात. पण कंपनी नोंदणीच्या ‘स्पाइस प्लस’ अर्जावर प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. पत्त्याचा कागद खोटा निघाला, तर चौकशी त्याच्याही दारात येते. माझ्या मते घासाघीस करायची जागा ही नव्हेच.

खरा हिशेब पुढे आहे. स्थापनेपासून ३० दिवसांत पहिला ऑडिटर नेमावा लागतो. १८० दिवसांत, भागधारकांनी कबूल केलेले पैसे आल्याचं दाखवून धंदा सुरू झाल्याचा फॉर्म भरायचा. चुकला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड. आणि वर्षभरात एक रुपयाची विक्री झाली नाही, तरी ऑडिट सुटत नाही. दोघा भावांचं छोटं काम असेल, तर एलएलपीचाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचाही) विचार करावा: तिथे उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत एलएलपी कायद्याखाली ऑडिटची सक्ती नाही.

आता घोळाची गोष्ट. गावोगाव ‘आमचे सीए सगळं बघतात’ असं म्हणतात. कंपनीच्या बाबतीत ते चालत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४४ नुसार जो ऑडिटर, त्याने त्याच कंपनीची वह्या लिहिण्याची कामं घ्यायची नाहीत. स्वतः लिहिलेली वही स्वतःच कशी तपासणार? म्हणजे टॅलीत नोंदी करणारा एक, तपासणारा दुसरा, आणि फी दोन. जीएसटी रिटर्न आणि टीडीएस कोणाकडे, हेही आधीच ठरलेलं बरं.

म्हणून कोटेशन मागताना पहिल्या वर्षाचा सगळा आकडा लेखी मागा: ऑडिट, आयकर रिटर्न, कंपनी निबंधकाकडचे वार्षिक फॉर्म आणि फीवरचा १८ टक्के जीएसटी धरून. ताळेबंद आणि वार्षिक विवरण या दोन फॉर्मना उशीर झाला, तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. कंटाळून कंपनीचं नाव नोंदीतून काढायला गेलात, तर त्या अर्जाचं सरकारी शुल्कच १०,००० रुपये आहे, आणि त्याआधी थकलेली विवरणं भरावी लागतात.