रंगभवन, रॉक आणि रात्रीचे दहा

परीक्षेच्या दिवसांत विजय नगरातल्या एखाद्या वरातीचा डीजे सुरू झाला की तुम्ही वैतागता. तुमचे आईबाबाही वैतागतात. पण त्यांच्यातल्या काहींनी तरुणपणी असाच आवाज तिकीट काढून ऐकला आहे. मीही त्यांतलाच.

शिक्षणासाठी मुंबईला गेलो तेव्हा वसतिगृहात एकाच्या कॅसेटवरून दुसरा कॅसेट भरून घेई. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सुमारे ४३ मिनिटांचा, म्हणजे अख्खा एका बाजूवर बसे. मध्ये उठून कॅसेट उलटायला नको!

प्रत्यक्ष ऐकायचे तर रंगभवन. धोबी तलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाजवळ असलेले हे खुले नाट्यगृह. १९७८ मध्ये जाझ यात्रा इथे झाली आणि १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव. रॉक मशीन या मुंबईच्या बँडमध्ये उदय बेनेगल गात आणि महेश तिनईकर गिटार वाजवत. कॅसेटवर जे कानाला ऐकू येई, ते इथे छातीत जाणवे. बास गिटारचे खालचे सूर तर बाकड्यातून अंगात शिरत.

हाच खालचा सूर भिंतीतूनही आरपार जातो. म्हणून खिडक्या लावल्या तरी डीजेचे शब्द कळत नाहीत, धमधम मात्र ऐकू येते.

रंगभवनाच्या आसपास महाविद्यालय होते, रुग्णालयेही होती. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची त्यांत तरतूद झाली. तिथे मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रॉकचा कार्यक्रम सहज १०० वर जातो. हे काही दुप्पट नव्हे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे ५० वरून १०० हा फरक एक लाख पटीचा! शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पुढच्या काही वर्षांत रंगभवनातले कार्यक्रम थांबले.

त्या वेळी आम्ही मित्रांनी या नियमांना खूप नावे ठेवली. शेजारच्या रुग्णालयात कोणी झोपेसाठी तळमळत असेल, हे आमच्या मनातही आले नव्हते. आज मला नियम योग्य वाटतो. पण त्या मोठ्या शहराने खुल्या मैफलींसाठी दुसरी तशी स्वस्त जागा का उभी केली नाही, हा राग अजून गेलेला नाही.

मागच्या वर्षी मुलीची बारावीची परीक्षा होती. रात्री साडेदहाला मीच खाली जाऊन डीजेवाल्या मुलाला आवाज बंद करायला सांगितले. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि म्हणाला, “अंकल, आपको म्यूज़िक का शौक नहीं है क्या?”