फवारणी पंपाच्या बॅटरीची निगा व दुरुस्ती

श्रावण-भाद्रपदांत कपाशीवरील फवारणीची घाई उडाली, कीं जळगांव व धुळें जिल्ह्यांतील अनेक घरीं एकच तक्रार ऐकूं येते: पंपाची बॅटरी मेली. परंतु भंगारांत जाणारी प्रत्येक बॅटरी मेलेलीच असते असें नाहीं, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

पाठीवरील पुष्कळशा पंपांत शिशाची १२ व्होल्टची बंद बॅटरी असते. तींत सुमारें २ व्होल्टचे सहा सेल असतात. हंगाम संपल्यावर ती उतरलेल्या स्थितींत पडून राहिली म्हणजे आंतील पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि ती चार्ज घेईनाशी होते. खानदेशचा उन्हाळा तिचें आयुष्य आणखी कमी करतो.

प्रथम चार्जर, फ्यूज, बटण व तारांचीं टोकें तपासावीं. पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो. पूर्ण चार्ज केलेली चांगली बॅटरी रात्रभर विसावल्यावर मल्टीमीटरवर सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते. फार उतरलेली असल्यास जाणत्या कारागिराकडून मंद गतीनें चार्ज करवावी. ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीस ०.८ अँपिअर पुरे. ती तापली अगर फुगली तर तत्काळ थांबावें. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशीं १०.५ च्या आसपासच राहिली, तर एक सेल गेला असें समजावें. तिच्यावर अधिक खर्च करूं नये.

लिथियमच्या बॅटरीस मात्र हा उपाय सर्वथा वर्ज्य आहे. तिचा सेल २ व्होल्टच्या खालीं गेल्यावर आंतील तांबें विरघळतें व पुन्हा चार्ज करतांना आग लागण्याचें भय असतें. असे सेल बदलावयाचे तर सर्व एकाच जातीचे व क्षमतेचे नवे घालावे. जुन्या-नव्यांची भेसळ करूं नये.

निकामी बॅटरी बांधावर वा विहिरीजवळ टाकूं नये. शिसें व आम्ल दोन्ही घातक आहेत. २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती विक्रेत्याकडे द्यावी.

हंगाम संपतांच शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून थंड खोलींत ठेवावी, दर दोन महिन्यांनीं पुन्हा चार्ज करावी व ती तारीख पंपावर चिठ्ठी लावून नोंदवावी. सातबाऱ्यावरील नोंदीइतकीच ही नोंदही वेळेवर व्हावी. कारण किडीची धाड आल्यावर एक दिवसाचा खोळंबाही पिकास महाग पडतो.