कुसळ, चुना आणि काचबिंदू

दिवाळी तोंडावर आली की धाराशिव जिल्ह्यात दोन कामांची एकदमच घाई उडते. सोयाबीनची रास घरात आणायची असते आणि ज्वारीची पेरणीही उरकायची असते. शिवारात मळणी यंत्र धडधडत असते, भुसकटाचा धुरळा उठलेला असतो. तोंडाला उपरणे गुंडाळून माणसे गंजीतले काड यंत्रात लोटत असतात. नाक-तोंड झाकलेले असते, डोळे मात्र उघडे. याच दिवसांत भूम, परंडा, वाशी, कळंबकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांची वाट धरतात. उसाचे पाते कडेला किती धारदार असते, ते तोडणाऱ्याच्या हातावरचे ओरखडे सांगतात. तेच पाते डोळ्याला लागले, तर त्याची कुणी फारशी दखल घेत नाही.

डोळ्यात काहीतरी जाणे ही आपल्याकडे तक्रारच समजली जात नाही. पदराचे टोक ओले करून कचरा टिपायचा, फुंकर घालायची, फारच खुपले तर कुणीतरी जिभेच्या टोकाने कुसळ काढायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. चार दिवसांनी डोळा लाल झाला की मेडिकलमधून थेंबांची बाटली आणायची. गावोगाव दिसणाऱ्या ‘डोळ्यात फूल पडलेल्या’ माणसांपैकी कितीतरी जणांची कहाणी अशाच एखाद्या साध्या दिवशी सुरू झालेली असते.

भारतात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण अपेक्षेप्रमाणे मोतीबिंदू निघाले. बुबुळावरच्या पांढऱ्या डागांचा वाटा 8.2 टक्के होता आणि काचबिंदूचा 5.5 टक्के. पन्नाशीच्या आतल्या अंधांमध्ये मात्र बुबुळाचे डाग हेच सर्वांत मोठे कारण ठरले, तब्बल 37.5 टक्के. म्हणजे ज्या वयात माणूस राबतो, लेकरे वाढवतो, त्याच वयात हा आजार डोळा हिरावून नेतो. बुबुळाचे आजार आणि काचबिंदू यांची जात वेगळी आहे. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: डोळा वाचणार की जाणार, हे बहुतेक वेळा वेळेवर ठरते. कुठे ती वेळ मिनिटांची असते, कुठे दिवसाची, तर कुठे वर्षांची.

पहिला दिवस : कुसळाची जखम

आपण ज्याला सरसकट बुबुळ म्हणतो, त्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. रुंदी साधारण 12 मिलिमीटर, मध्यभागी जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. प्राणवायू तो अश्रूंमार्फत थेट हवेतून घेतो, म्हणून तर तो इतका नितळ असतो. पण रक्त नसल्यामुळे जंतूंशी झुंजणारी फौजही तिथे उशिरा पोहोचते.

कुसळाने या पडद्याचा वरचा थर खरवडला की तिथून जंतूंना वाट मिळते. शेतातल्या इजेत धोका असतो तो बुरशीचा. काडीकचऱ्यावर, मातीत राहणारी फ्युजॅरियम आणि ॲस्परजिलस ही बुरशी जखमेतून आत शिरते आणि हळूहळू पसरते. सुरुवातीला दुखणे बेताचेच असते, म्हणून माणूस अंगावर काढतो. त्यातच मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली उतरते, बरे वाटते आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. आठवड्याभरात बुबुळावर पांढरा व्रण दिसू लागतो.

नेत्रतज्ज्ञाकडे हे सगळे काही मिनिटांत उलगडते. डोळ्याला रंगाची कागदी पट्टी टेकवून निळ्या उजेडात पाहिले की जखम हिरवीगार चमकते. व्रणाचा कणभर नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर बुरशीचे धागे लगेच दिसू शकतात. मग नॅटामायसिनचे थेंब सुरू होतात, पहिले काही दिवस तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे. एवढे करूनही व्रण भरला, तरी तिथे पांढरा डाग उरतोच. बुबुळाला भोक पडायची वेळ आली, तर डोळा वाचवण्यासाठी तातडीने कलम करावे लागते.

हे सारे टाळण्याचा मार्ग किती सोपा आहे, ते नेपाळमधल्या भक्तपूरने दाखवून दिले. तिथे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. डोळ्याला ओरखडा गेलेला माणूस आला की तपासायचे आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस द्यायचे, एवढेच काम. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. जे दुसऱ्या दिवशी उशिराने आले, त्यांच्यात मात्र व्रण दिसू लागले.

आपल्या जिल्ह्याला ही वाट नवखी नाही. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारत वैद्य’ उपक्रमातून गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. आज गावोगाव आशाताई आहेत. शेतात डोळ्याला लागलेल्या माणसाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात धाडायचे आणि त्याच्या हातातली स्टेरॉइडची बाटली बाजूला ठेवायला लावायची, एवढे प्रत्येक गावात झाले तरी कितीतरी डोळे वाचतील. मळणीवर उभे राहणाऱ्याने साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावला, तर जखमेचीच वेळ यायची नाही.

पहिले मिनिट : चुना

पानतंबाखूचा चुना आपल्या घरांत सहज कुठेही सापडतो. आजोबांच्या कनवटीला, कोनाड्यात, आता तर प्लॅस्टिकच्या पुडीत. लेकरू खेळता खेळता ती पुडी दाबते आणि चुन्याची चिळकांडी सरळ डोळ्यात जाते.

आम्ल डोळ्यात गेले, तर वरचा थर गोठतो आणि त्याला आत जायला अडसर होतो. चुना अल्कधर्मी असतो. तो पेशींचे स्निग्ध आवरणच विरघळवतो आणि खोल उतरत राहतो. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या आणि काळ्या भागाच्या सीमेवर, नवा थर तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. चुना त्यांनाही जाळतो. असा डोळा लाल होण्याऐवजी पांढराफटक दिसला, तर घाबरण्यासारखे आहे, कारण तिथला रक्तपुरवठाच जळालेला असतो.

यावरचे पहिले औषध घरातच असते, ते म्हणजे पाणी. हंड्यातले, नळाचे, बाटलीतले, जे स्वच्छ पाणी आधी हाताला लागेल ते. लेकराला आडवे करायचे, पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि निदान अर्धा तास धार सोडत राहायचे. रडू द्यावे, पण थांबू नये. तूप, दूध, मध यांत वेळ घालवू नये. मग दवाखाना गाठायचा, कारण वरच्या पापणीच्या आत चुन्याचे कण दडून बसतात. डॉक्टर पापणी उलटी करून ते वेचून काढतात.

बुबुळाच्या कलमाच्या इतिहासाची सुरुवातच चुन्याने पोळलेल्या एका मजुरापासून होते. अलॉइस ग्लोगार या मजुराचे दोन्ही डोळे चुन्याच्या कामात गेले होते. 7 डिसेंबर 1905 रोजी आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी त्याच्या डोळ्यांवर कलम केले. ज्याचा डोळा इजेमुळे काढावा लागला होता, अशा एका 11 वर्षांच्या मुलाचे बुबुळ त्यासाठी वापरले होते. ग्लोगारच्या एका डोळ्यातले कलम टिकले आणि तो पुन्हा कामावर गेला. माणसाच्या डोळ्यावरचे ते पहिले यशस्वी पूर्ण जाडीचे कलम.

गेलेली वर्षे : काचबिंदू

लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या शिबिरांमुळे मोतीबिंदू हा शब्द मराठवाड्याच्या वाडीवस्तीवर पोहोचला. त्यातून एक भाबडी समजूतही रुजली, की अंधूक दिसते म्हणजे मोतीबिंदूच असणार आणि तो पिकला की काढता येतो. काचबिंदूचा घात याच समजुतीत होतो. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

डोळ्याच्या आत सतत एक पाणी झिरपत असते. हे अश्रू नव्हेत. ते आतच तयार होते आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून वाहून जाते. शेतातला पाट तुंबला की वाफ्यात पाणी चढते, तसे ही जाळी तुंबली की डोळ्यातला दाब चढतो. साधारणपणे तो 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. दाब वाढला की मागची दृष्टीची नस दबत जाते. त्या नसेत दहा लाखांवर तंतू असतात आणि एकदा मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. काहींच्या बाबतीत दाब नेहमीइतका असूनही नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही.

सुरुवातीला काही दुखत नाही. समोरचे स्वच्छ दिसते, सुईत दोरा ओवता येतो, पेपर वाचता येतो. झिजते ती कडेची नजर. चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागतो, ओट्याची पायरी चुकते, बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही. घरचे म्हणतात, म्हातारपण आले. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत असे आढळले, की गावांतल्या काचबिंदूच्या दर 10 रुग्णांपैकी 9 जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

याच आजाराचे दुसरे रूप मात्र एकाएकी उसळते. डोळ्यातली पाण्याची वाट अचानक पूर्ण बंद होते. डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात. पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढली, तर सकाळपर्यंत नजर जाऊ शकते. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ म्हणून वर्षानुवर्षे थांबणाऱ्यांवरही ही वेळ येते. अतिपक्व मोतीबिंदू फुगतो, पाण्याची वाट अडवतो किंवा त्यातला द्रव पाझरून जाळी तुंबवतो. आजच्या शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकायची वाट पाहावी लागत नाही, हे प्रत्येक घरी सांगायला हवे.

तपासणीत डॉक्टर दाब मोजतात, कोपऱ्यातली जाळी खास भिंगातून पाहतात, नसेची पाहणी करतात आणि कडेच्या नजरेचा नकाशा काढतात. चाळिशीनंतर प्रत्येकाने एकदा ही तपासणी करावी. मधुमेह असलेल्यांनी, मोठा उणे नंबर असलेल्यांनी, डोळ्याला जुना मार असलेल्यांनी ती नक्की करावी. डोळ्यांच्या खाजेसाठी लेकरांना महिनोन्महिने स्टेरॉइडचे थेंब घालणाऱ्या आईबापांनीही सावध व्हावे. त्या थेंबांनी कोवळ्या वयात काचबिंदू होतो.

थेंब, लेझर आणि चाकू

उपचार बहुधा थेंबांनी सुरू होतात आणि ते रोज, न चुकता, जन्मभर घ्यायचे असतात. थेंब घालण्याचीही रीत आहे. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. त्यामुळे औषध डोळ्यातच राहते. टिमोलॉलसारखे थेंब दम्याच्या रुग्णाला बाधू शकतात, म्हणून दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. काही थेंब थंड जागी ठेवावे लागतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरी फ्रीज नसेल, तर तसे सांगून दुसरा पर्याय मागावा.

थेंबांनी भागत नसेल, तर लेझर असते. कोपरा अरुंद असेल तर लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट देतात. तरीही दाब आटोक्यात येत नसेल, तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी करतात. केंब्रिजच्या डॉ. जॉन केर्न्स यांनी 1968 मध्ये रूढ केलेली ही शस्त्रक्रिया म्हणजे तुंबलेल्या पाटाला नवी चारी काढणे. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात झाकणासारखा बारीक दरवाजा करतात. आतले पाणी त्यातून पातळ त्वचेखाली एका छोट्या फोडीत साठते आणि तिथून मुरते. अवघड रुग्णांत पाणी बाहेर नेणारी नळी बसवावी लागते. मदुराईच्या ऑरोलॅबने अशी नळी भारतात परवडणाऱ्या किमतीत बनवली आहे.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की बांधायची. ही शस्त्रक्रिया उरलेली नजर राखण्यासाठी असते. झाल्यावर पूर्वीपेक्षा चांगले दिसू लागत नाही, म्हणून ती फसली असे समजू नये. पहिल्या महिन्यांतल्या फेऱ्या चुकवू नयेत, कारण टाके सैल करणे, वाट पुन्हा बुजू न देणे हे काम त्याच दिवसांत होते. पुढे केव्हाही डोळा लाल झाला, दुखू लागला, घाण येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सुरुवात आपल्या जिल्हा रुग्णालयातून, ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यापासून करता येते. पुढे सोलापूर आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. उमरग्यावरून जाणारा महामार्ग हैदराबादला पोहोचतो, तिथे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. निघण्यापूर्वी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

सहा तास आणि भाऊबीज

डाग पडलेल्या बुबुळाला दुसऱ्या माणसाचे बुबुळ लागते आणि ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागते. घरात माणूस गेला की डोळे मिटावेत, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि नेत्रपेढीला फोन करावा. प्रशिक्षित तंत्रज्ञ घरी येतो, काम अर्ध्या तासाच्या आत संपते, चेहरा विद्रूप होत नाही. गेलेल्याने अर्ज भरलेला नसला, तरी घरच्यांची संमती पुरते. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यांपैकी कशाचीच आडकाठी नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा कारणांनी मात्र बुबुळ वापरता येत नाही. दोन बुबुळांमुळे दोन माणसांना दिसू शकते. आता तर पूर्ण बुबुळ न बदलता, गरजेपुरता वरचा किंवा आतला थरच बसवता येतो.

काचबिंदूवर या कलमाचा उपयोग होत नाही, कारण तिथे नसच गेलेली असते आणि नजर परत मिळवण्यासाठी आख्खा डोळा बदलता येत नाही. पण काचबिंदूने ज्यांची दृष्टी गेली, त्यांचे बुबुळ नितळ असू शकते. वीस वर्षे अंधारात काढलेल्या एखाद्या आजीच्या डोळ्याने, कुसळाने नजर गमावलेला एखादा तरुण पुन्हा शिवार पाहू शकतो. दोन आजारांची गाठ पडते ती इथे.

आणि राहिली भाऊबीज. काचबिंदू रक्ताच्या नात्यातून चालत येतो, आणि सर्वांत जास्त जोखीम असते ती रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना. वर्षभर चार गावांत विखुरलेली भावंडे त्या दिवशी एका पाटाशी बसतात. ज्याला किंवा जिला काचबिंदू सांगितला आहे, त्यांनी तो लपवू नये. ओवाळणीच्या ताटाशी बसूनच सांगावे, ‘ताई, दादा, डॉक्टरांनी मला काचबिंदू सांगितलाय. या महिन्यात तुम्हीही डोळे तपासून घ्या.’ त्या एका वाक्याने ज्या भावंडाचा आजार वेळेत सापडेल, त्याच्या नजरेत पुढची कितीतरी वर्षे दिवाळीचे दिवे उजळत राहतील.