मेंदूची आवरणे, पाठीचा कणा आणि ब्रुसेला जंतू

दीर्घकाळ ज्वर येणाऱ्या रोग्याची पाठ दुखू लागली, अथवा त्याच्या मस्तिष्क-मेरुद्रवात लसीका पेशी व प्रथिने वाढून शर्करा उतरलेली आढळली, तर आपल्याकडील चिकित्सकाचे मन प्रथम क्षयाकडे धावते. आणि ते योग्यच होय. परंतु या दोन्ही स्थानी क्षयाचे बेमालूम सोंग घेणारा आणखी एक जंतू आहे. प्रस्तुत लेखात त्याचा, म्हणजे ब्रुसेलाचा, विचार करावयाचा आहे.

माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना लाटेप्रमाणे चढउतार होणारा एक ज्वर छळीत असे. डेव्हिड ब्रूस याने १८८७ साली त्यास बळी पडलेल्यांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. तो येतो कोठून, हे मात्र १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीझ झामिट याने दाखविले: दिसावयास निरोगी अशा शेळ्यांच्या दुधातून. पुढील वर्षी सैनिकांना ते दूध देणे थांबविताच ज्वराचे प्रमाण झपाट्याने घटले.

आपल्याकडे दूध तापविण्याची घरोघर रीत असल्यामुळे तो मार्ग बराचसा अडतो. पण गाभडलेल्या गाईची किंवा शेळीची वार उघड्या हातांनी ओढणारा पशुपालक, मेंढपाळ, खाटीक आणि पशुवैद्य यांना कातडीवरील बारीकशा जखमेतूनही संसर्ग होऊ शकतो. म्हणून ‘घरी कोणती जनावरे आहेत? त्यांतील एखादे अलीकडे गाभडले काय?’ हे दोन प्रश्न मला सर्वांत स्वस्त चाचणी वाटतात; आणि नेमके तेच विचारावयाचे राहून जातात.

हा जंतू भक्षक पेशींच्या पोटात शिरून तेथेच जगतो. त्या पेशींबरोबर तो यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत पोहोचतो. प्रौढ रोग्यांत तो मणके वारंवार गाठतो. मज्जासंस्था मात्र क्वचितच. कण्यात त्याचा ओढा कटिभागाकडे असतो. मणक्याच्या पुढील बाजूचा वरचा कोपरा प्रथम कुरतडला जातो, परंतु मणक्याचा एकंदर आकार पुष्कळ काळ टिकून राहतो. याउलट पर्सिव्हल पॉट याने १७७९ मध्ये वर्णिलेल्या कुबडामागील क्षय बहुधा वक्षभागात बसतो, मणका ढासळवितो व मोठे शीत विद्रधी उत्पन्न करतो. ऊतक तपासता क्षयात चक्क्यासारखा मृतांश आढळतो. ब्रुसेलाच्या गाठींत तो सहसा नसतो. हे भेद पाठ करण्याजोगे खरे, पण एकट्या क्ष-किरण चित्रावर विसंबून निर्णय देऊ नये, कारण अपवाद पुष्कळ आहेत.

मेंदूच्या आवरणांच्या बाबतीत अडचण अधिक. दाह मंदगतीने चालतो आणि द्रवाचे चित्र क्षयाशी जुळते. आठव्या मस्तिष्क-तंत्रिकेस इजा होऊन रोग्यास ऐकू येईनासे झाले, तर संशय बळावावा. द्रवातून जंतू क्वचितच वाढतो. म्हणून रक्तद्रव व मेरुद्रव या दोहोंची समूहन-चाचणी करावी लागते. येथे एक खाच आहे. प्रतिपिंडे फार असली तर अल्प विरलनात गुठळ्या होतच नाहीत आणि उत्तर खोटेच नकारार्थी येते. तेव्हा विरलन पुढे नेलेच पाहिजे. रक्ताचे संवर्धन करावयाचे असेल तर प्रयोगशाळेस आगाऊ सूचना द्यावी, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाच होणाऱ्या संसर्गांत या जंतूचे नाव फार वर आहे.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर औषधांत आहे. रिफॅम्पिसिन दोन्ही जंतूंवर चालते. क्षय समजून उपचार केलेल्या ब्रुसेलाच्या रोग्यास त्यामुळे थोडा उतार पडतो, आणि तो उतार चुकीच्या निदानाचाच पुरावा मानला जातो! औषधे थांबली की ज्वर परततो. उलट बाजूही तितकीच घातक: ब्रुसेला समजून क्षयाच्या रोग्यास डॉक्सिसायक्लिनच्या जोडीने रिफॅम्पिसिन दिले, तर क्षयजंतूविरुद्ध ते एकटेच पडते व प्रतिरोधी जंतू निपजण्याची भीती राहते.

कण्याच्या ब्रुसेलाविकारात डॉक्सिसायक्लिन व त्याबरोबर आरंभी स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन, असा उपचार निदान बारा आठवडे चालवावा लागतो. आवरणांच्या दाहात स्ट्रेप्टोमायसिन मेरुद्रवात नीट उतरत नाही; तेथे सेफ्ट्रायॅक्झोन, डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन ही एकत्र योजतात, आणि द्रव पूर्ववत् होईपर्यंत काही महिने उपचार सोडीत नाहीत.