घरातली दवंडी : शेतीची तारीख वेळेवर ऐकवणारं यंत्र



पूर्वी गावात काही कळवायचं असलं की कोतवाल दवंडी पिटायचा. शेतात वाकलेल्या माणसाच्याही कानावर ती पडायची. आता तारखा मोबाईलमध्ये असतात. पण मोबाईल खुंटीवरच्या सदऱ्यात, आणि आपण गोठ्यात! स्क्रीनवर आलेली सूचना रात्री दिसते, तोवर वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच तारीख मोठ्यानं बोलून दाखवणाऱ्या यंत्राची माहिती या पत्रकात देत आहोत.

एक तारीख चुकली तर काय जातं?

गाईचंच उदाहरण घ्या. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते. माज काही तासांचाच असतो. तो हुकला की पुढचे 21 दिवस वैरण-पेंड घालायची, पण वेत तेवढंच लांबणीवर पडतं. 1 ऑगस्टला गाय भरवली असेल, तर 20 ते 23 ऑगस्टला ती उलटली का ते पाहायचं. गाभण राहिली तर सुमारे 280 दिवसांनी, म्हणजे 8 मेच्या आसपास विते. तिला दोन महिने आधी, 8 मार्चच्या सुमारास आटवायला हवी. म्हणजे एका गाईच्या तीन तारखा झाल्या. चार जनावरं असली तर किती लक्षात ठेवणार?

भाताचंही तसंच. 10 जूनला रोप पेरलं, तर 21 ते 25 दिवसांनी, म्हणजे 1 ते 5 जुलैला लावणी यायला हवी. जून झालेलं रोप लावलं की फुटवे कमी येतात.

राई, मुर्धा, मोर्वा या आपल्या खाडीकडच्या पट्ट्यात तिसरी गोष्ट म्हणजे उधाण. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एक-दोन दिवस भरती मोठी असते. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं असेल किंवा उघाडी नीट मिटत नसेल, तर खारं पाणी खाचरात शिरतं. एकदा शिरलेलं खारं पाणी त्या हंगामाचं पीक बसवतं. म्हणून बांधाची फेरी उधाणाच्या आधी मारायची, नंतर नव्हे.

हे यंत्र चालतं कसं?

यात तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे तारखांची वही, अर्थात मोबाईलमधलं किंवा संगणकातलं कॅलेंडर. दुसरा म्हणजे त्या वहीवर नजर ठेवणारा कार्यक्रम. तिसरा म्हणजे बोलणारा स्पीकर. वेळ झाली की कार्यक्रम नोंदीचे शब्द वाचतो, त्यांचा आवाज तयार करतो आणि स्पीकरवरून ऐकवतो.

बाजारातल्या बोलक्या स्पीकरला तोंडी सांगूनही आठवण लावता येते. मात्र नोंद मराठीतूनच ऐकायची असेल, तर ‘होम असिस्टंट’ नावाचा कार्यक्रम उपयोगी पडतो. तो फुकट मिळतो आणि ‘रास्पबेरी पाय’सारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतो. गूगल भाषांतराचा मराठी आवाज त्याला जोडता येतो. मांडणी करायला एक दिवस लागेल. घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हाताशी घ्या.

मांडणीचा क्रम

1. होम असिस्टंटमध्ये घरचं कॅलेंडर उघडा. त्याला ‘शेती’ असं नाव द्या.
2. स्पीकर आणि मराठी आवाज जोडा. ‘नमस्कार’ बोलायला लावून पाहा.
3. नियम तयार करा : ‘शेती’ कॅलेंडरमधली नोंद सुरू झाली की तिचं शीर्षक स्पीकरवर वाच.
4. आधी आठवण हवी असेल, तर त्याच नियमात किती तास आधी ते लिहा. लावणीसाठी मजूर सांगायचे असतात, तिथं दोन दिवस आधीची वेगळी नोंदच करावी.
5. एक खोटी नोंद अर्ध्या तासानंतरची करून नियम तपासा.

हे विसरू नका

* नोंदीला घड्याळाची वेळ द्या. ‘पूर्ण दिवस’ अशी नोंद रात्री 12 ला सुरू होते. मग दवंडी मध्यरात्री पिटली जाईल आणि सकाळी कुणालाच आठवणार नाही! सकाळी 6 आणि संध्याकाळी 7 या वेळा बऱ्या.
* नुसतं ‘गाय’ असं लिहू नका. ‘कपिला गाय आज उलटली का ते पाहा’ असं पूर्ण वाक्य लिहा. यंत्र लिहिलं तेवढंच बोलतं.
* ऐनवेळी, पाच-दहा मिनिटं आधी केलेली नोंद सुटू शकते. कार्यक्रम वही थोड्या थोड्या वेळानं चाळतो.
* भरतीची वेळ अंदाजानं लिहू नका. ती रोज साधारण पाऊण ते एक तास पुढं सरकते. भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.
* वीज गेली असेल त्या वेळची घोषणा हुकते. वर सांगितलेला मराठी आवाज इंटरनेटवर अवलंबून असतो. म्हणून लसीकरण, पीक विम्याची मुदत अशा तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवरही खुणेनं लिहा.
* बँकेचा नंबर, पासवर्ड, घरातली खाजगी बाब नोंदीत नको. ओटीवर बसलेला पाहुणाही ते ऐकतो.

यंत्र बोलेल, काम आपलंच

1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं रेडिओ शेतकी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि मग काम ठरवत. त्यातली शिकवण आजही लागू आहे : नुसतं ऐकून पीक येत नाही. यंत्रानं ‘आज बांध पाहा’ म्हटलं की कोण जाणार, हे घरात आधीच ठरलेलं असावं. घोषणा स्वयंपाकघरातही ऐकू जाऊ द्या. गोठ्याचं निम्मं काम घरच्या बाईच्याच हातात असतं.

तेव्हा बंधू-भगिनींनो, सगळ्या तारखा एकदम भरू नका. आज एका गाईच्या तीन तारखा लिहा. त्या वेळेवर ऐकू आल्या, की मग भाताच्या लिहा, मग उधाणाच्या. हळूहळू वही भरेल आणि चुकलेल्या तारखेचा पस्तावा कमी होईल.