जात आधी की वर्ग आधी? लॉकडाऊनमधल्या एका न झालेल्या सभेची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

अवसरी खुर्दहून बोलतोय. लॉकडाऊनमध्ये आपल्याकडच्या बऱ्याच तरुणांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजवादी कार्यकर्त्यांच्या सभा ऐकल्या. एका श्रोत्याचा प्रश्न आलाय, ''त्यांचा वंशाचा प्रश्न, त्यांचं इंग्रजी, त्यांची वेळ रात्रीची. आपण तिथे कोपऱ्यात बसून ऐकायचं, त्यातून आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला काय मिळतं?'' प्रश्न रास्त आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

आधी या सभा चालतात कशा ते बघू. आपल्याकडे सभा म्हटली की स्टेज, हार, सत्कार, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे माइक. तिकडच्या अनेक डाव्या संघटनांमध्ये एक माणूस फक्त बोलणाऱ्यांची यादी सांभाळायला बसतो. हात वर केला की नाव यादीत. पण यादी आलेल्या क्रमानेच चालते असं नाही. जो आत्तापर्यंत बोललेला नाही, किंवा ज्याच्या समाजाला एरवी बोलायला मिळत नाही, त्याला वर घेतात. २०११ च्या ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनात ही पद्धत गाजली. ऑनलाइन सभेत ती आणखी सोपी झाली, कारण सगळ्यांचे माइक बंद असतात आणि कुणाला मध्येच ओरडता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दार. २०२० च्या सुरुवातीला अशा सभांमध्ये वंशद्वेष्टे लोक घुसायचे, शिव्या द्यायचे, घाण चित्रं दाखवायचे. म्हणून पासवर्ड आले, बाहेर थांबायची खोली आली. त्यामुळे ऐकायला येणाऱ्या पाहुण्याने आपण कोण, कुठून, हे सांगायचं आणि गप्प बसायचं, हा साधा शिष्टाचार ठरला. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकताना आपण सल्ला देत नाही, तसंच.

आणि भांडण होतंच. त्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण मे २०२० चं. डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका ही तिकडची मोठी समाजवादी संघटना. तिच्या न्यूयॉर्कमधल्या लोकांनी अॅडॉल्फ रीड यांचं ऑनलाइन भाषण ठेवलं. रीड स्वतः कृष्णवर्णीय, मार्क्सवादी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोरोनाने कृष्णवर्णीय जास्त मेले एवढंच सांगत राहिलात, तर लोक कारण कातडीत शोधतील. खरं कारण नोकरी, घर, विमा यांत आहे. गोऱ्या गरिबालाही तेच भोगावं लागतं, मग त्याला बरोबर घेऊन लढा.

संघटनेतल्याच कृष्णवर्णीय आणि इतर बिगर-गोऱ्या सभासदांच्या गटाने हरकत घेतली. ते म्हणाले, बस चालवायचं, दवाखान्यात झाडू मारायचं काम कुणाच्या वाट्याला येतं हे वंशच ठरवतो. तो बाजूला ठेवून नुसता वर्ग सांगितला, तर मूळ कारणच झाकलं जातं. भाषण नको, वादविवाद ठेवा, अशी त्यांची मागणी होती. शेवटी काय झालं? भाषणही झालं नाही आणि वादही झाला नाही. कार्यक्रम रद्द. त्याच आठवड्यात, २५ मे ला, मिनीयापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला आणि लाखो लोक रस्त्यावर आले.

आता हे ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर आहे. हाच वाद मराठीत आपण चांगले शंभर वर्षं घालतोय.

मुंबईच्या कापड गिरण्या घ्या. तिथे साचा खाते, म्हणजे विणकाम, हे त्यातल्या त्यात बऱ्या पगाराचं. धागा तुटला की तो तोंडाला लावून पुन्हा जोडावा लागे. म्हणून सवर्ण कामगार त्या खात्यात अस्पृश्यांना येऊ देत नसत. युनियन लाल बावट्याची, घोषणा कामगार एकजुटीची, आणि खात्याचं दार मात्र बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात नेमकं यावर बोट ठेवलं. मालकाकडे मागण्या मांडताय, मग आमच्या माणसाला त्या खात्यात काम मिळावं, हे तुमच्या मागण्यांत का नाही?

इथे थांबून विचार करा. आंबेडकर वर्ग खोटा आहे असं म्हणत नव्हते. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला, त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मुंबईत जो संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांच्या बरोबर उभे राहिले. म्हणजे एकत्र लढायला त्यांची ना नव्हती. विचारायचं एवढंच होतं की एकत्र लढ्याच्या यादीत आमची मागणी लिहिली आहे का.

पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं ते १९६६ मध्ये ऑकलंडला सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून. पँथरचे एक संस्थापक नामदेव ढसाळ हे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया असे सगळे घेतले. राजा ढाले यांना हा कम्युनिस्टांचा प्रभाव वाटला. त्यांचा आग्रह आंबेडकर आणि बुद्ध यांच्या विचारावर होता. १९७४ मध्ये संघटना फुटली. न्यूयॉर्कचा वाद आणि हा वाद शेजारी ठेवा. नावं बदलतात, मुद्दा तोच.

बरं, पण आजच्या आंबेगावात याचं काय? तर हिरड्याची गोष्ट सांगतो.

आपल्या तालुक्याचा पूर्व भाग बागायती. मंचरचा बाजार, कांदा, बटाटा. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगरात, तसंच जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात, महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. वर्षाचा रोख पैसा बऱ्याच घरी त्यावरच. २०२० मध्ये आधी लॉकडाऊन आला आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. झाडं मोडली, हिरडा गेला. भरपाईची वेळ आली तेव्हा अडचण निघाली: कांदा, बाजरी यांची भरपाई कशी मोजायची हे ठरलेलं असतं, हिरड्याचं तसं काही बसवलेलंच नव्हतं. किसान सभेने हा प्रश्न धरला आणि त्यापुढची कित्येक वर्षं निवेदनं, मोर्चे, उपोषणं करत तो लावून धरला.

आता या गोष्टीला दोन्ही बाजूंनी विचारून बघा. नुसतं 'सगळ्या शेतकऱ्यांना भरपाई द्या' म्हटलं असतं, तर हिरडावाला त्यात आलाच नसता, कारण त्याचं पीक कागदावर नव्हतं. त्याचं नाव वेगळं घ्यावंच लागलं. इथे हरकत घेणारा तो गट बरोबर. पण फक्त आदिवासींची मागणी म्हणून ती डोंगरातच राहिली असती, तर सरकारला टाळणं सोपं गेलं असतं. शेतकऱ्यांच्या राज्यभर पसरलेल्या संघटनेने ती उचलली म्हणून ती टिकली. इथे रीड बरोबर. एकजूट हवी, पण यादी आधी पूर्ण हवी.

म्हणून श्रोत्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. अशा सभा ऐकताना भाषण किती जोरदार झालं ते सोडा. बोलायची यादी कोण करतंय ते बघा. मागण्यांच्या यादीत कुणाचं नाव राहिलंय ते बघा. आणि ऑनलाइन असेल तर रेंज नसल्यामुळे कोण आलाच नाही, तेही विचारा. डोंगरातल्या वाडीवर मोबाइलला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं. ज्याचा हिरडा गेला तो माणूस हिरड्यावरच्या ऑनलाइन बैठकीत नसेल, तर तिथे माइक कितीही नीट वाटला तरी बैठक अपुरी. त्याच्याकडे कुणीतरी चालत जायला हवं.

रद्द झालेल्या त्या भाषणाबद्दलही तेच. रीड पटोत न पटोत, वाद झाला असता तर ऐकणाऱ्यांना दोन्ही बाजू कळल्या असत्या. आपल्या गावच्या पुढच्या सभेत कुणी अवघड प्रश्न काढला, तर 'हा विषय नंतर' म्हणू नका. नाव यादीत लिहा, बोलू द्या, मग उत्तर द्या.

तुमच्या गावात लॉकडाऊनमध्ये कोणती मागणी यादीबाहेर राहिली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, नमस्कार.