सेल्फ बसवून आणला, तरी गाडी घर्र का करते?



आपल्या येवला तालुक्यात काही बचतगटांनी मिळून जुन्या गाड्या घेतल्या आहेत. कुणी त्यातून कांदा मार्केटला नेतं, कुणी पापड-मसाले, कुणी पैठण्या. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई जाते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज आपण गाडीच्या एका आवाजाबद्दल बोलू.

सेल्फ दुरुस्तीला काढला, परत बसवला, चावी फिरवली आणि दात खाल्ल्यासारखा घर्रर्र आवाज आला. अशा वेळी कुणी म्हणेल, "ताई, दोन दिवस चालवा, बसेल आपोआप." तो बसत नाही, उलट वाढतो. का, ते बघू.

सेल्फ म्हणजे बॅटरीवर चालणारी मोटर. तिच्या तोंडाशी एक छोटं दातेरी चाक असतं, गॅरेजमध्ये त्याला बेंडिक्स म्हणतात. इंजिनाच्या मागच्या बाजूला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं आणि त्याच्या कडेला दात्यांची रिंग. चावी फिरवली की बेंडिक्स पुढे सरकून रिंगच्या दात्यांत अडकतं आणि इंजिन फिरवतं. इंजिन सुरू झालं की मागे येतं. सेल्फ थोडा जरी तिरका बसला, तरी दाते एकमेकांत नीट न बसता घासतात. मागावर फणी वाकडी बसली की ताण्याचे धागे घासतात, तसंच हे. बेंडिक्स बदलणं सोपं आहे. रिंगचे दाते गेले तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आज बोल्ट आवळून भागणारं काम आपण असं मोठ्या खर्चात नेऊन ठेवतो.

म्हणून आधी आवाज ओळखा.

नुसतं कट-कट-कट होत असेल तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तारा सैल आहेत. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा. इंजिनाची अर्थिंगची तार परत घट्ट जोडली का, तेही विचारा.

सेल्फ सूंसूं फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स रिंगपर्यंत पोचत नाही किंवा आतून घसरतंय.

चावी फिरवताच दर वेळी घर्र होतं, तर सेल्फ सरळ बसलेला नाही किंवा दाते जुळत नाहीत.

कधी घर्र होतं, कधी गाडी नीट सुरू होते, तर रिंगचे दाते एखाद्या जागी झिजले असतील. चावी बंद ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, सपाट जागी हातभर ढकला, मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. आता नीट लागली तर संशय रिंगवर.

आणि इंजिन सुरू झाल्यावरही आवाज चालूच राहिला, तर बेंडिक्स मागे आलेलं नाही. लगेच इंजिन बंद करा. सेल्फ जळू शकतो.

आता मिस्त्रीभाऊंना काय विचारायचं? एक, सगळे बोल्ट पूर्ण आवळले का? वरच्या बोल्टला बऱ्याच गाड्यांत पाना नीट पोचत नाही, तोच सैल राहतो. दोन, सेल्फ टेकतो ती जागा पुसली होती का? तिथे माती, गंज राहिला की सेल्फ तिरका होतो. तीन, काढताना मध्ये पातळ चकती असेल तर ती परत घातली का? चार, सेल्फ किंवा बेंडिक्स बदललं असेल तर जुन्याचे आणि नव्याचे दाते मोजले का? एका दात्याचा फरक असला तरी जुळणार नाही. म्हणून जुना भाग नेहमी परत मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

स्वतः हात घालणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि सगळ्यात शेवटी जोडा. सेल्फला येणाऱ्या जाड तारेत चावी बंद असली तरी करंट असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. इंजिन चालू असताना पदर आणि वेणी पंख्यापासून लांब. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. हाताने गिअर बदलायची गाडी असेल तर गॅरेजपर्यंत धक्का मारून सुरू करून न्या, पण घर्र करत सेल्फ मारू नका.

गाडीचं यंत्र बाईला काय कळणार, असं कुणी म्हणालं तर सांगा. पूर्वी समोरून हँडल मारून गाडी सुरू करावी लागे. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवरचा सेल्फ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. त्यानंतर दुसऱ्याच्या जोरावर न थांबता कुणीही बाई एकटी गाडी सुरू करू शकली. सेल्फ म्हणजे स्वतः. नावातच आहे.

तर पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीत एक पान गाडीसाठी ठेवा. कोणता भाग कधी बदलला, जुना परत मिळाला का आणि आवाज कधी येतो, एवढं लिहा. ते पान घेऊन गॅरेजला गेलात की तुम्ही काय विचारताय ते मिस्त्रीलाही नेमकं कळतं, आणि बिलात काय लागलं ते तुम्हालाही.